पाच खोल्यांचा बंब

मी बंब बोलतोय. बिश्केकच्या एका गल्लीत, बुरुल अपाच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा आहे. माझ्या पोटात कोळसा जळतो आणि नळ्यांतून गरम पाणी पाच खोल्यांत फिरतं. चार खोल्या भाडेकरूंच्या, पाचवी अपाची.

अपाचा नवरा गेला त्या वर्षी तिने मला वेल्डरकडून बनवून आणलं. मला वाटलं, ही बाई वर्षभरात हात टेकणार. त्याला आता अठरा वर्षं झाली आणि मी अजून थक्क होतोय.

लोकांना थंडी पडली की कोळसा आठवतो. अपाला तो जुलैत आठवतो. ऊन मी म्हणत असतं, विद्यार्थी गावी गेलेले, खोल्या रिकाम्या, भाड्याचा पत्ता नाही. पण कोळसा तेव्हाच स्वस्त, टनाला सहा हजार सोम, सोम म्हणजे इथला रुपया. म्हणून ती हिवाळ्यातल्या भाड्यातूनच त्याचे पैसे बाजूला काढते. स्वतःचे बूट तीनदा शिवून घेईल, पण त्या पैशांना हात लावणार नाही.

एकदाच लावला. तीन वर्षांपूर्वी ऐन जुलैत तिचा दीर तेमिरबेक आला. पोराचं लग्न काढलं होतं.

"वहिनी, मोठ्या भावाचं घर तुझं. एक मेंढा आणि पाकिटात दहा हजार. याहून कमी आणलंस तर लोक मला हसतील."

"अरे, बंबाचं काय?"

"बंब येणारे का लग्नाला?"

अपा हसली आणि तिथेच फसली. सहा टनांच्या पैशांतले निम्म्याहून जास्त आहेरात गेले, अंगणात आला अडीच टन. 'सप्टेंबरात भाडं आलं की उरलेला घेईन,' असं ती फावडं ठेवता ठेवता पुटपुटली. सप्टेंबरात भाव नऊ हजारांवर गेला आणि दोन खोल्या नोव्हेंबरपर्यंत रिकाम्याच राहिल्या.

जानेवारीत पारा उणे पंचवीसवर उतरला. खोल्या गार पडल्या असत्या तर भाडेकरू निघून गेले असते, मग भाडं नाही आणि कोळसाही नाही. अपाने पाना घेतला आणि स्वतःच्या खोलीची नळी बंद करून टाकली. नवऱ्याचा जुना कोट अंगावर घालून ती स्वयंपाकघरातल्या बाकावर राहायला गेली. मी लोखंडाचा, पण मलाही भरून आलं.

भाडेकरू जीबेक, दवाखान्यात नर्स आहे ती, एकदा भाडं द्यायला आली.

"अगं बाई! अपा, तुमच्या खोलीचा तर बर्फ झालाय!"

"त्या खोलीचं भाडं कोण देतं मला? बस, चहा घे. आणि पैसे नीट मोज."

बंद नळीतलं पाणी गोठलं आणि तिच्या खोलीतला रेडिएटर फुटला. नवा काही आला नाही. आधी छप्पर, मग कोळसा, मग रिकाम्या महिन्यांची तरतूद. तिच्या खोलीचा नंबर लागलाच नाही. पुढचे दोन्ही हिवाळे तिने बाकावरच काढले.

मध्यंतरी तेमिरबेक पुन्हा आला, मुलीच्या लग्नाचं सांगायला. ट्रकमधून कोळसा उतरत होता, अपा कोपरापर्यंत काळी.

"वहिनी, यंदा मेंढा कुठाय?"

"तो काय, ढीग पडलाय! कणकेचे बोर्सोक तळून आणते दोन टोपल्या."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. जानेवारीत त्यातलं कुणी फिरकलं नव्हतं."

लग्नात तिला मानाच्या जागेवरून उठवून दाराजवळ बसवलं म्हणे. घरी येऊन तिने कोळशावर ताडपत्री नीट ओढली. एवढं बळ ही बाई आणते कुठून, देव जाणे.

आता गल्लीत गॅस आलाय, नळ्यांतलं पाणी यापुढे तोच तापवणार. उद्या भंगारवाला मला न्यायला येणार. वजनावर पैसे, साधारण तीन हजार सोम होतील.

"काय करणार त्या पैशांचं?" जीबेकने विचारलं.

"माझ्या खोलीला रेडिएटर," अपा म्हणाली.

तो बत्तीसशेला मिळतो असं ऐकलं. भंगारवाले दादा, एवढंच मागणं आहे, काटा मारू नका. माझ्या तळाची राख झटकू नका, गंजही खरवडू नका. उद्या मला जमेल तेवढं जड व्हायचंय.