गेलं तर

अंबिकेनं पदर खोचला, फळीच्या दुसऱ्या टोकाशी बसकण मारली आणि नवऱ्याच्या हातातलं सुरीचं जुनं पातं काढून घेतलं.

"द्या इकडे. खरवडता किती अन् खोकता किती!"

कुशाबानं वाद घातला नाही. गॅलरीच्या कठड्याला पाठ टेकून तो श्वास जमवत बसला. रविवारची दुपार होती. काळाचौकीची ती सगळी चाळ आठवड्याची झोप भरून काढत होती. दुकानाच्या पाटीची ती फळी चार हात लांब, चांगली सागवानी. तिच्यावरचा रंग सालीसारखा सुटत होता. वरचा हिरवा 'वीरेंद्र सायकल मार्ट'चा, त्याखाली निळा 'वीरेंद्र शाई कारखान्या'चा, आणि त्याच्याही खाली पिवळा, तो 'वीरेंद्र रेडिओ'चा. चार वर्षांत धंदे तीन, फळी एकच.

"तुमचे वीरेंद्रराव सदरे बदलावेत तसे धंदे बदलतात," ती म्हणाली.

"सदरे आहेत त्यांच्याकडे," कुशाबा म्हणाला.

हिरवा गेला, निळा गेला. अंबिकेच्या हाताला आता लय सापडली होती. पिवळ्यावर तिनं जोर लावला, तसा कुशाबा पुढे झुकला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"तळापर्यंत नको."

"का? स्वच्छ होईल की."

"नको म्हटलं ना. लाकूड उघडं पडलं की नवा रंग धरत नाही."

रंगातलं तिला काही कळत नव्हतं. तिनं पातं खाली ठेवलं. तेवढ्यात शेजारची मालन जिन्यावरून ओरडली, "गे अंबिके, तुझो साहेब इलो बघ, बूट वाजवीत!"

वीरेंद्र गिरगावातला. आजोबांनी बांधलेल्या दोन चाळींचं भाडं घरात येत होतं, म्हणून त्याच्या वाट्याला पोटाची चिंता कधी आलीच नव्हती. पण माणूस मोठा लाघवी. छप्पन साली मोर्चाच्या पाट्या रंगवताना कुशाबाची आणि त्याची गाठ पडली होती. कुशाबा अक्षर काढायचा आणि हा रंगाचे डबे धरून तासन्‌तास उभा राहायचा. आत्ताही तो आला तो पालथ्या बादलीवरच बसला.

"वहिनी, आमच्या शाईचं शेवटी काय झालं ते सांगितलं का यानं? ती वाळायचीच नाही हो! एका हेडमास्तरांनी बाटल्या परत पाठवल्या, वर पोरांचे सदरे धुवायचं बिल!"

अंबिका तोंडाला पदर लावून हसली. चहा टाकायला ती आत वळली, पण कान बाहेरच ठेवून.

"कुशाबा, ऐक. एक मेला आपलं राज्य होतंय. 'मुंबई राज्य' पुसायचं, 'महाराष्ट्र राज्य' लिहायचं. शाळा, कचेऱ्या, पेढ्या, सगळ्यांच्या पाट्या बदलणार. कामं मी आणतो, अक्षर तुझं. गिरणी सोड. 'कुशाबा आणि वीरेंद्र, पेंटर'. तुझं नाव आधी."

अंबिका गाळणं हातात घेऊनच दारात आली.

"आणि नाही चाललं तर?"

"वहिनी, मी आईलाही हेच विचारलं." वीरेंद्र मनापासून हसला. "ती म्हणाली, गेलं तर गेलं. रेडिओच्या वेळीही हेच म्हणाली होती."

गाळण्यातून दोन थेंब उंबऱ्यावर सांडले. हेच शब्द अंबिकेच्याही घरात होते, पण अर्धेच. गेलं तर? त्याच्या पुढे कोणी काही बोलत नसे. तिच्या बापानं गिरणी सोडून लालबागेत भज्यांचं दुकान टाकलं होतं. आठ महिन्यांत दुकान गेलं, मग खोली गेली, मग आईच्या पाटल्या गेल्या, आणि शेवटी थोरली बहीण सुभद्रा एका बिजवराच्या घरी गेली. ती निघाली त्या दिवशी बाप दारात नव्हता. मागच्या विहिरीपाशी, घराकडे पाठ करून उभा होता.

वीरेंद्र गेल्यावर ती भाकऱ्या थापायला बसली. कुशाबा ब्रश धूत होता. धुऊन झालेला ब्रश तो पुन्हा धूत होता.

"डॉक्टर म्हणतो, कापसाच्या धुळीतून बाहेर पडा."

"आणि विम्याचं कार्ड?"

"ते गिरणीबरोबर जाणार."

"म्हणजे धुळीत राहिलात तर औषध. धुळीतून निघालात तर औषध बंद."

"तसंच काहीतरी." तो हसायला गेला आणि हसण्याचा खोकला झाला. तो ओसरल्यावर तिच्याकडे न बघताच म्हणाला, "अक्षर चांगलं आहे माझं, अंबिके."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. स्वतःबद्दल एवढं त्यानं पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"चांगलंच आहे. पण गेलं तर?"

त्यानं ब्रश झटकला आणि खिळ्याला टांगला. पुन्हा विषय काढला नाही. पाच वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. परळ नाक्यावर एका जिन्याखाली बसायला जागा मिळत होती, आणि ही फळी त्यानंच कुठल्याशा मोडीत निघालेल्या दुकानातून आणली होती. काही दिवस ती गोणपाटात गुंडाळून दारामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती. तेव्हाही अंबिकेनं एवढंच विचारलं होतं. पुढे ती फळी वीरेंद्ररावांच्या रेडिओला गेली.

या वेळची पाटीही कुशाबानंच लिहून दिली, लाल जमिनीवर पांढरं 'वीरेंद्र आर्ट्स'. अक्षरं काढायला वीरेंद्रनं दुसरे दोघे ठेवले. एक मेला चाळीत घराघरांतून पणत्या लागल्या, मालननं गॅलरीभर साखर वाटली. त्यानंतर दर रविवारी कुशाबा सदरा चढवून गिरगावात 'आर्ट्स'कडे जाऊ लागला.

"काय बघता तिथं?" अंबिकेनं एकदा विचारलं.

"महाराष्ट्रातला 'ष्ट्र' कसा काढतात ते."

"कसा काढतात?"

"घाईत."

गणपतीत त्याला जिना चढवेना. दसऱ्याच्या आधी छातीचा फोटो काढला, आणि विम्याच्या कार्डावर इस्पितळात खाट मिळाली. औषध, दूध, अंडं, सगळं त्या कार्डावर. गिरणी सोडली नाही हे केवढं बरं झालं, असं अख्खी चाळ म्हणाली. अंबिकाही म्हणाली. भेटेल त्याला ती आधी हेच सांगायची, समोरच्यानं काही विचारायच्या आत.

दिवाळी झाली आणि वीरेंद्र फळी घेऊन आला. या वेळी बूट वाजले नाहीत.

"आर्ट्स गुंडाळलं, वहिनी. पाट्या सगळ्यांच्या एकदा बदलून झाल्या. परत कोण बदलणार?" त्यानं मोसंब्यांची पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवली. "कुशाबाकडे जाऊन आलो. मला म्हणाला, लाल रंग उन्हात टिकला का?"

त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"ही फळी ठेवा. मुळात त्याचीच. मी आता मामांबरोबर फोटोचा स्टुडिओ काढतोय. आई म्हणाली..."

"कळलं," अंबिका म्हणाली.

म्हणजे धंदा बुडाला होता आणि कार्डावर खाट मिळाली होती. दोन्हीकडून अंबिकाच बरोबर ठरली होती. तिनं मोसंबी मोजल्यासारखी एकेक करून टोपलीत ठेवली आणि मग पुन्हा काढून पुसली.

मोरीच्या वर डबे ठेवायला फळी हवीच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ती गॅलरीत आडवी टाकली आणि पातं घेतलं. लाल गेला. हिरव्या-निळ्याचे उरलेसुरले पोपडे गेले. पिवळा जुना, तो चिवट निघाला. या वेळी मनगट धरायला कोणी नव्हतं. तिनं पातं टाकून नखांनीच कडा उचकटली, मग पुन्हा पातं लावलं.

खाली लाकूड नव्हतं. खाली पांढरा रंग होता, आणि पांढऱ्यावर काळं काहीतरी.

साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं तिला अजून एकेक अक्षर लावूनच वाचता येई. 'कु'. मग 'शा'. 'बा'च्या कान्यावर तिच्याच पात्याचा ओरखडा उठला होता. पुढे 'पेंटर', आणि त्यावरचा अनुस्वार नथीतल्या मोत्यासारखा गोल. प्रत्येक अक्षराला उजवीकडून बारीक तांबडी सावली दिलेली. खाली लहान अक्षरांत 'परळ नाका', आणि कोपऱ्यात १९५५.

म्हणजे गोणपाटात ती कोरी फळी नव्हती. लिहून, वाळवून, खिळ्याला टांगायचीच काय ती राहिली होती.

मालन दारात येऊन काही विचारून गेली. काय विचारलं ते अंबिकेला नंतरही आठवलं नाही.

रविवारी भेटीच्या वेळेला ती इस्पितळात गेली. कुशाबा उशीला टेकून बसला होता. सदरा अंगावर नाही, खिळ्याला अडकवल्यासारखा दिसत होता. तिनं मोसंबं सोलायला घेतलं.

"फळी आली म्हणे."

"आली. मोरीवर डबे ठेवीन म्हणते."

"खरवडलीस?"

"थोडी."

"तळापर्यंत?"

तिनं मोसंब्याच्या फोडीवरचा पांढरा दोरा सावकाश ओढून काढला. कुशाबाची नजर तिच्या बोटांवर गेली. चार दिवस राखेनं घासूनही नखांत पिवळा रंग राहिलाच होता.

"आकडा दे," तो म्हणाला.

तिनं अंबाड्यातला आकडा काढून दिला. त्यानं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या नखापासून सुरुवात केली. टोक थरथरत होतं, पण लागत नव्हतं.

"रंग चांगला होता हा पिवळा," तो म्हणाला. "उन्हात उडत नसे."

"घरी आलात की 'बा'चा काना तेवढा पुन्हा काढून द्या. माझ्याकडून खरचटलाय."

तो पुढच्या नखाकडे वळला. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं.

"आता हात स्थिर राहत नाही, अंबिके. काना वाकडा गेला तर?"

"गेला तर गेला."

हे शब्द तिच्या तोंडात इतके नवे होते, की कुणी ऐकलं की काय म्हणून तिनं दाराकडे पाहिलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजत होती. बायका पिशव्या आवरून उठत होत्या.

कुशाबानं आकड्याचं टोक चादरीला पुसलं.

"दुसरा हात आण," तो म्हणाला.