वाईची विळी, जतचं सासर

मित्रांनो, मला जवळून पाहा, पण बोट लावू नका. बाभळीचा पाट, त्यावर वाकडं पातं, टोकाला खोबरं खवायचे दाते. मी एक जुनी विळी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. वांगं वरून कितीही तुकतुकीत असलं तरी आत कीड निघू शकते, हे मी जन्मभर पाहत आले. मग कुणावर पटकन विश्वास कसा ठेवायचा?

वाईजवळच्या एका गावात ज्ञानू लोहारानं मला घडवलं. "पोरीला आंदण द्यायची हाय, गड्या. धार जल्मभर टिकाय पायजे," असं लालासाहेबांनी त्याला बजावलं होतं. लालासाहेबांचं रान कृष्णेच्या काठावर होतं. उसाच्या कडेनं मेथी, पावटा, घेवडा, आणि बांधावर पेरू, पपई. पोरीचं लग्न ठरेपर्यंत मी त्यांच्याच स्वयंपाकघरात राबले. सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर भाजीचा ढीग असायचा. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि "काय धार हाय बाई!" म्हणत परत आणून द्यायच्या. मी फुगून जायची. जगात सगळीकडे लोक असंच खातात, अशी माझी समजूत होती.

मग लालासाहेबांच्या पद्माचं लग्न जत तालुक्यातल्या हंबीररावांशी झालं. जावई लष्करात, माणूस चांगला, म्हणून लांबचं स्थळ त्यांनी पत्करलं. सुट्टी संपली तसे हंबीरराव निघून गेले. घरात उरलो आम्ही तिघी: पद्मा, तिची सासू राहीबाई आणि आंदणात आलेली मी. साल बहात्तरचं होतं. पावसानं पाठ फिरवली होती आणि प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं यायचं.

तिथं रोज ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं काळंभोर कालवण. कांदा असलाच, तर राहीबाई तो मुठीनं फोडायच्या. मी समोर असताना मूठ! मला तो सरळ अपमान वाटला. पहिल्या दिवशी मात्र त्यांनी लालसर देठांचा, जाड पानांचा पाला आणून माझ्यापुढे ठेवला होता. पद्मानं नाक मुरडलं. "आत्याबाई, ही घोळ न्हवं का? आमच्याकडं म्हशीला घालत्यात." राहीबाईंनी पाला गुपचूप उचलला. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही.

इथूनच माझा संशय सुरू झाला. राहीबाई रोज उजाडताना टँकर थांबतो त्या बाजूला जायच्या, पण हातात घागर नसायची. परत येताना पदराची ओटी गच्च धरलेली. मग माझ्याकडे पाठ करून चुलीपुढे बसायच्या आणि थोड्या वेळानं रवीचा आवाज यायचा. घरात ताकाचा थेंब नाही आणि ही बाई घुसळते काय? सुनेला कोरडंठाक घालून म्हातारी एकटीच काहीतरी चांगलंचुंगलं गट्ट करते, याबद्दल मला शंकाच उरली नाही. मी कोपऱ्यात पडून गंजत होते आणि तिच्या पाठीवर नजर ठेवून होते.

पुढं पद्माला दिवस गेल्याचं कळलं. तिला माहेरच्या मेथीची, पेरूंची आठवण यायची. तीही सासूच्या ओटीकडे तिरकं पाहू लागली. शेवटी साताऱ्याकडे निघालेल्या एका गावकऱ्याजवळ तिनं निरोप धाडला, "आबास्नी म्हणावं, हितं भाजीचं पान दिसत न्हाई."

लालासाहेब सकाळच्या पहिल्या एस.टी.नं येऊन थडकले. लेकीचा उतरलेला चेहरा पाहून त्यांचा जीव तुटला. त्यांनी मला उचललं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि ते भडकले. "पद्मे, विळी गंजलीया! ह्या घरात भाजी चिरतच न्हाईत. आवर तुझं गठुडं. पुन्यांदा हितं धाडायचो न्हाई मी."

मला आनंद झाला. अखेर कुणीतरी माझी साक्ष काढली होती!

पद्मानं गठुडं बांधलं. तेवढ्यात राहीबाई बाहेरून आल्या. "आबा, त्यांच्या वटीत काय हाय ते इचारा," पद्मा म्हणाली. "रोज लपवून आणत्यात."

राहीबाईंनी पदर सोडला. खाली मूठभर घोळ पडली. देठांना चिखल होता, काही पानं मेंढरांनी कुरतडलेली होती.

"आवं, ही तर म्हशीची वैरण!" लालासाहेब म्हणाले.

"व्हय पावणं, तुमच्याकडं म्हशीची. आमच्याकडं ही भाजी हाय. टँकरचं पानी सांडतंय तितं तेवढी उगवती. मेंढरं यायच्या आत खुडावी लागती." राहीबाई खाली पडलेली पानं गोळा करू लागल्या. "तुमच्या लेकीनं पयल्याच दिशी त्वांड फिरवलं. पर हिरवं काय तरी पोटात जायाच पायजे न्हवं? मग शिजवून, रवीनं घुसळून हुलग्यात घालत गेले. काळ्या कालवणात काय दिसतंय?"

पद्मानं विचारलं, "रोज? आन् तुमी काय खात हुता?"

"मला मीठ-मिरची बास. एवढीशी तर मिळती."

पद्मानं गठुडं बाजूला सारलं, राखेनं माझं पातं घासलं, पाटावर पाय ठेवला आणि ती घोळ उजेडात, सगळ्यांसमोर चिरायला घेतली. किती कोवळी होती! माझ्या गंजक्या धारेलाही तिचे देठ जड गेले नाहीत.

"पद्मे, गाडी जाईल की," लालासाहेब पुटपुटले.

"जाऊ द्या, आबा. जेवून जावा. मी हितंच ऱ्हाती."

भाजी झाली तशी तिनं पहिल्यांदा सासूला वाढली. राहीबाई ताट मागं सारू लागल्या. "मला नगं गं. पोटातल्याला घाल."

"पोटातल्याला आजी बी लागती, आत्याबाई. खावा."

राहीबाईंनी घास घेतला. लालासाहेब खाली मान घालून बसले होते. मग त्यांनी हळूच आपलं ताट लेकीपुढं सरकवलं.

मित्रांनो, आता घरोघरी सुऱ्या आल्या. माझी जागा माळ्यावर आहे. कधी मला खाली काढलंत, तर काम झाल्यावर धुऊन कोरडी करून ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. आणि परक्या गावात कुणी अनोळखी पाला तुमच्या ताटात वाढला, तर तोंड फिरवू नका. तो कुणी, कुठून खुडून आणला, हे आधी विचारा.