साठ मीटर कापड कुठं गेलं?

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गज आहे. खरं तर मी मीटर आहे, पण मंठ्याच्या बाजारात कापड मोजायच्या कांबीला लोक अजून गजच म्हणतात. जालना हा वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझी दोन्ही टोकं झिजू नयेत म्हणून त्यांवर पितळी टोपणं बसवली होती. वजनमापे खात्याच्या साहेबांनी मला त्यांच्या प्रमाणित मीटरशेजारी निजवलं, टोकाला टोक लावून पाहिलं आणि माझ्या अंगावर शिक्का मारला. मग अण्णासाहेबांनी मला त्यांच्या कापडाच्या दुकानात आणलं.

तिथं पहिल्या दिवसापासून माझ्यावर संशय घेतला गेला. गिऱ्हाईक बाया माझ्याकडं डोळे बारीक करून पाहत. द्वारकाबाई नावाची एक बाई तर दर वेळी म्हणे, "अण्णा, बराबर मोजा. तुमचा गज रात्रीतून आखडतो वाटतं." दुकानात सगळे हसत. मला मात्र राग येई. मी कधी कोणाला तसूभर कमी दिलं नव्हतं.

दुकानात मोजायचं काम मच्छिंद्र करी. वाटूरचा, अंगानं बारीक, बोलायला कमी. कापड तो ताणत नसे आणि सैलही सोडत नसे. अण्णासाहेब त्याला घरच्यासारखं वागवत. शिवणकाम करणाऱ्या शिवकन्येशी त्याची सुपारी फुटली, तेव्हा अण्णासाहेबांनी दुकानात पेढे वाटले.

त्याच वर्षी एका बाजाराच्या दिवशी मी गल्ल्याजवळून खाली पडलो आणि माझं एक टोपण निघून गटारात गेलं. अण्णासाहेबांनी बाजारातल्या लोहाराकडून नवं टोपण बसवून घेतलं. लोहार घाईत होता. त्यानं दोन हातोडे मारले आणि म्हणाला, "झालं मालक, आता जन्मभर हालायचं न्हाई." त्यानंतर फळीवर ठेवलं की माझा आवाज जरा पोकळ येई. मी त्याकडं लक्ष दिलं नाही. दुकानात कोणीच दिलं नाही.

वर्ष सरलं. दिवाळीला अण्णासाहेबांनी माल मोजला, तर साठ मीटर कापड कमी भरलं. त्यांनी पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. त्या दिवसापासून दुकानातली हवाच बदलली. मच्छिंद्र जेवायला निघाला की त्याच्या पिशवीकडं सगळ्यांची नजर जाई. तो शिंकला तरी का शिंकला असं वाटे. शेवटी घराची झडती झाली आणि त्याच्या आईच्या, गोजरबाईच्या पेटीत दुकानातल्या कापडाचे चार तुकडे सापडले.

"मालक, पोळ्याला तुम्हीच दिल्ते की हे तुकडे!" मच्छिंद्र म्हणाला.

अण्णासाहेबांना ते आठवेना. संशय आला की माणसाला आपलं देणं आठवत नाही. मोजणारा तो एकटाच, म्हणजे चोर तोच, असा हिशेब सगळ्यांनी लावला. मित्रांनो, लपवत नाही, मीही तोच लावला. मच्छिंद्रला सहा महिन्यांची सजा झाली.

शिवकन्येचे वडील तातेराव सोयरीक मोडायला निघाले होते. शिवकन्येनं त्यांना थांबवलं. दोन्ही घरांत तिढा पडला. वैशाखात मच्छिंद्र सुटणार होता, म्हणून गोजरबाईनं वैशाखातलीच तिथी धरली. ती तुरुंगाच्या मुलाखतीला जाई आणि जाळीतून लग्नाची बोलणी करी. फेट्याचा रंग कोणता, मामाकडची किती माणसं, मंडप कुठं घालायचा. बस्ता, म्हणजे लग्नाच्या कापडाची खरेदी, तिनं अण्णासाहेबांच्याच दुकानात बांधायचं ठरवलं. "जिथं माझ्या लेकराचं नाव गेलं, तिथूनच नेईन," असं ती गावभर सांगत होती.

चैत्रातल्या एका दुपारी दोन्हीकडची माणसं दुकानात आली. अण्णासाहेब गादीवरून उठले नाहीत.

द्वारकाबाई तिथं होतीच. तिनं विचारलं, "गोजरबाई, बस्त्याला नवरदेव न्हाई आला का?"

"सरकारी पाव्हणचार चालू हाय त्याचा," गोजरबाई म्हणाली. "तुला सांगावा धाडू का? जागा हाय तिथं."

द्वारकाबाई समोरचं कापड चाळू लागली. अण्णासाहेबांच्या मनात मात्र भलतंच चालू होतं. ही माणसं इथंच का आली? त्यांनी नोकराला बाजूला सारलं आणि मला स्वतः हातात घेतलं. शिवकन्येनं पाहुण्या बायांना द्यायला ब्लाउजपीसचं कापड मागितलं, वीस मीटर, सलग. अण्णासाहेबांनी एकेक मीटर मोठ्यानं म्हणत मोजलं. त्यांचा घाम माझ्या अंगावर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत शिवकन्या पायरीवर बसलेली होती. सोबत तातेराव आणि गोजरबाई. तिच्या मांडीवर पंचवीस ब्लाउजपीस आणि वर एक वीतभर पट्टी.

"अण्णासाहेब, ऐंशी सेंटीमीटरचा एक, असे पंचवीस कापले," ती म्हणाली. "वीस मीटर संपायला पायजेल. ही वीस सेंटीमीटरची पट्टी उरली."

"मंग चांगलंच की. ठेव."

"ठेवायची न्हाई आम्हाला," तातेराव पुढं आले. "हे जाळं हाय तुमचं. जास्तीचं कापड मुद्दाम दिलं. उद्या म्हणाल, नवरदेवासारखी नवरी बी चोरटी निघाली."

"मी जाळं टाकतो? तुम्हीच घरून पट्टी आणली असंल, मला फसवायला!"

"बिलकुल न्हाई," शिवकन्या म्हणाली. तिनं गळ्यातला टेप काढला आणि मला फळीवर आडवं ठेवलं. टेपचं एक टोक माझ्या एका टोकाला धरलं आणि दुसऱ्या टोकाशी आकडा वाचला. "एकशे एक."

"टेप जुना झाला तुझा. ताणला असंल."

"ताणलेला टेप कमी दाखवतो, अण्णासाहेब. जास्ती न्हाई दाखवत."

 अण्णासाहेबांनी शेजारच्या सुताराला पोलादी टेप घेऊन बोलावलं. त्यावरही माझी लांबी एकशे एक सेंटीमीटर आली. शिवकन्येनं माझी दोन्ही टोकं नखानं वाजवली. एक टणक वाजलं, एक पोकळ. सुतारानं पकडीनं ते टोपण ओढून काढलं आणि आत काडी घातली. लोहारानं टोपण पुरतं बसवलंच नव्हतं. माझ्या टोकात आणि टोपणाच्या बुडात एक सेंटीमीटरची रिकामी जागा होती.

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. लोक माझ्यावर कमी असल्याचा संशय घेत होते आणि मी वर्षभर जास्त होतो. जास्त मिळालं म्हणून तक्रार करायला कोणतं गिऱ्हाईक येतं? आणि मला स्वतःला तरी कसं कळावं? गजाला आपली लांबी आपल्याच अंगानं मोजता येत नाही.

अण्णासाहेब पुटपुटत होते. दिवसाला साधारण वीस मीटर. वीस मीटरला वीतभर. दुकान वर्षातले तीनशे दिवस उघडं. ते मध्येच थांबले.

"किती झालं?" गोजरबाईनं विचारलं.

"साठ मीटर."

"मंग चोर कोण?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. अण्णासाहेबांनी फळीखालचा हातोडा उचलला. टोपण परत घालून त्यावर एक घाव घातला असता तर मी पुन्हा नेमका मीटर झालो असतो, आणि मच्छिंद्र कायमचा चोर. शिवकन्येनं माझं टोक मुठीत धरलं आणि हात फळीवरच ठेवला.

अण्णासाहेबांनी हातोडा खाली ठेवला. "टोपण आत ठोकू नका," ते सुताराला म्हणाले. "होतं तसं बसवा. मी वकिलाकडं जातो. जबानी मीच दिल्ती, आता मीच फिरवतो."

कोर्टाचं काम आमच्यासारखं झटपट मोजून होत नाही. जामीन मिळाला तेव्हा मच्छिंद्रची शिक्षा संपायला अकराच दिवस उरले होते. निर्दोष असल्याचा कागद लग्नानंतर वर्षानं आला. पण गोजरबाईनं धरलेली तिथी चुकली नाही. लग्नात अण्णासाहेब मंडपाच्या कडेला उभे होते. कामावर परत येतोस का, असं त्यांनी मच्छिंद्रला विचारलं. तो म्हणाला, "न्हाई मालक. तुम्ही रोज माझ्याकडं पाहून वरमाल, आन् मी रोज पिशवी उघडून दाखवीन."

पुरावा म्हणून मी कोर्टात होतो; तिथून परत मिळाल्यावर अण्णासाहेबांनी मला शिवकन्येला देऊन टाकलं. तिच्या शिवणयंत्रामागं मी उभा असताना एकदा मच्छिंद्रनं तिला विचारलं, "खरं सांग. तुला बी माझा संशय आल्ता का?"

यंत्र थांबलं. "आल्ता," ती म्हणाली. "म्हणून तर दुकानाचं माप खरं हाय का ते पाहायला कापलेलं कापड फिरून मोजलं."

"आन् ते बराबर भरलं असतं तर?"

"तर तुमच्यावरचा संशय तसाच राह्यला असता. मी लगीन मोडलं असतं."

मच्छिंद्र टेप बोटाला गुंडाळू लागला. मग म्हणाला, "खोटं बोलली असतीस तर मला कळलं असतं."

ती पुन्हा यंत्र चालवू लागली.

आता मी गंजलो आहे. नव्या पोलादी टेपांपुढं मला कोणी विचारत नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, दुकानात माझ्यासारखं एखादं माप असेल तर त्याला असं विसरू नका. ते पडलं, तुटलं, दुरुस्त झालं, की दुसऱ्या खात्रीच्या मापाशेजारी ठेवून पाहा. त्याला फार तर दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं माझ्यासाठी कोणी काढली नाहीत, म्हणून एक माणूस जवळजवळ सहा महिने जाळीआड बसला.