सालिमच्या पायाचा निवाडा

सालिमचा पाय गेला आणि मुझनाच्या अंगणात पाहुण्यांची रीघ लागली. एवढी माणसं तिथे कुठल्या लग्नालाही आली नव्हती. खोऱ्यातले लोक येणारच होते. पण ज्यांचं एकमेकांशी हाडवैर, तेही आळीपाळीने येऊन तिच्या चटईवर बसून गेले. सरकारवाले आले. दक्षिणेचा वेगळा झेंडा लावून फिरणारे आले. त्यांना खोऱ्यात नुसतं 'झेंडेवाले' म्हणत. डोंगरापलीकडच्या उत्तरेकडच्यांना इकडे तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी एका शेळ्यांच्या व्यापाऱ्याच्या तोंडी निरोप धाडला. सगळ्यांना सालिमच्या पायाचं अतोनात दुःख झालं होतं, आणि सगळ्यांचा डोळा मात्र धाकट्या येस्लमच्या धडधाकट हातापायांवर होता.

"सालिमच्या आई, परक्यांनी आपल्या पोराला गोळी घालावी आणि आपण बघत बसावं?" झेंडेवाल्यांचा मुसईद म्हणाला. गळा काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "येस्लमला आमच्याकडे पाठवा. बंदूक आम्ही देऊ."

"बंदूक तू देशील रे. पाय कोण देणार?" मुझना म्हणाली. "कहवा घे. आलं जास्त घातलंय. ओरडून ओरडून घसा बसला असेल तुझा."

गोष्ट घडली ती अशी. खाली खोऱ्यात बोरी फुलायला लागल्या होत्या. मधमाश्या वेळेवर फुलावर नेल्या नाहीत तर वर्ष वाया जातं, म्हणून सालिम पेट्या गाडीवर लादून उजाडायच्या आत निघाला होता. खाडीपलीकडून आलेल्या फौजेने आदल्याच संध्याकाळी उतारावर नवी चौकी मांडली होती, आणि तसं कुणाला सांगायची तसदी घेतली नव्हती. चौकीवरच्या शिपायाने हात वर केला. सालिमने ब्रेक दाबला, पण भरलेली गाडी उतारावर हुकमासरशी थांबत नाही. शिपायाने गोळ्या झाडल्या. शहरातल्या डॉक्टरांनी सालिमचा जीव वाचवला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला.

मुझनाने त्याच्या उशाशी बसून पोटभर रडून घेतलं. मग कंबर कसली. एक मुलगा अधू झाला होता, पण होता. आता तिला धास्ती होती ती दुसऱ्याची. येस्लम जेवताना भिंतीकडे बघायचा. उद्या त्याने कुणाच्याही हातची बंदूक घेतली की तो त्यांचा झाला. परक्यांवर धावून गेला तर विमानं त्याला टिपणार, आणि तिथून वाचला तर हेच मुसईद त्याला शेजारच्या खोऱ्यातल्या मावसभावांवर सोडणार. हे तिला लख्ख दिसत होतं. येस्लमला वाचवायचं तर सूड नको, न्याय हवा, आणि तोही चारचौघांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

फौजेचा माणूस भरपाईचं पाकीट घेऊन आला तेव्हा तिने ते उघडलंसुद्धा नाही. पाकिटाबरोबर मधाची एक बरणी त्याच्या हातात ठेवली.

"हे दोन्ही तुझ्या कप्तानाला दे. सांग, पैसे पाठवलेस म्हणून मी भिकारीण झाले नाही, आणि मी मध पाठवला म्हणून तू सुटला नाहीस. म्हणावं, बंदुका घेऊन ये आणि माझ्या पायाशी ठेव."

माणूस गडबडला. "बंदुका? तुम्हाला बंदुका कशाला हव्यात?"

"तुझ्या कप्तानाचे आजोबा आहेत का रे? असले तर म्हणावं, त्यांना विचार. त्यांना कळेल."

खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ते कळलं असतं. ज्याच्या हातून आगळीक झाली त्याने आपली हत्यारं दुखावलेल्याच्या पायाशी ठेवायची आणि म्हणायचं, आता तूच निवाडा कर. दुखावलेल्याने मग डोंगराएवढा दंड सांगायचा आणि सगळ्यांसमोर त्यातला एकेक वाटा माफ करत यायचं. उरेल तो दंड देणाऱ्याने मुकाट भरायचा. एकदा निवाडा झाला की सूड संपला. त्यानंतर बंदूक उचलणाऱ्याच्या घरचं पाणीही कोणी पीत नाही.

येस्लम हसला, पण त्या हसण्यात आईची कीव होती. "आई, त्यांच्याकडे विमानं आहेत. ते तुझ्यापुढे बंदुका ठेवणार?"

"विमानं आहेत, पण पाणी नाही," मुझना म्हणाली. "त्यांचे टँकर आपल्याच खिंडीतून जातात."

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या आणि दिरांच्या मिळून सगळ्या पेट्या खिंडीत आणल्या आणि रस्त्यावर, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत, दोन रांगा मांडल्या: एक खिंडीच्या तोंडाशी, आणि काही गाड्या तिथे येऊन अडकल्यावर दुसरी त्यांच्या मागच्या वळणावर. फिर्याद घेऊन रस्ता अडवणं तिकडे नवं नाही. लोक दगड टाकतात, टायर टाकतात. मुझनाने मधमाश्या टाकल्या. मग ताडपानांची उंच टोपी डोक्यावर चढवून ती कड्याच्या सावलीत चहाची किटली घेऊन बसली.

दुपारपर्यंत खिंडीची जत्रा झाली. पुढच्या पेट्यांच्या पलीकडे सरकारवाल्यांची गाडी, दोन रांगांच्या मध्ये झेंडेवाल्यांची गाडी आणि कोंबड्यांचा टेम्पो, मागच्या पेट्यांमागे परक्यांचे टँकर. फिर्यादीचा रस्ता ओलांडायचा नाही हे सगळ्या बाजूंना मान्य होतं. एवढी एकच गोष्ट त्या युद्धात सगळ्यांना मान्य असावी. एकमेकांना शिव्या देऊन कंटाळल्यावर सरकारवाले आणि झेंडेवाले एकाच सावलीला बसून कातची नशेची हिरवी पानं चघळू लागले. परक्यांच्या एका शिपायाला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने बुटाने एक पेटी बाजूला सारून पाहिली. त्याला पळताना सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्या बाजू एकदमच हसल्या.

सूर्य कलताना कप्तान हुमैद आला. तिशीतला, इस्त्रीच्या गणवेशातला, देखणा. बोलायचा तीच भाषा, फक्त नाकातून.

"आई, हा लष्करी रस्ता आहे. तुम्हाला तो बंद करता येणार नाही."

"झालाय बंद. बस. चहा घे. आजोबांना फोन केलास का?"

कप्तानाचे कान लाल झाले. तो इकडेतिकडे बघून एका दगडावर टेकला. "केला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले..." त्याने आवाज खाली आणला. "म्हणाले, गाढवा, अजून गेला नाहीस?"

मुझना एवढी मोकळी हसली की कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच तिला आपलं हसू ऐकू आलं. त्या म्हाताऱ्याला तिने मनोमन दुवा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीत घोंगड्या अंथरल्या गेल्या. खोऱ्यातले वडीलधारे बसले, अडकलेल्या सगळ्या बाजू बसल्या. मुझनाने सालिमलाही गाडीत घालून आणून कड्याशी खाटेवर बसवलं होतं. लोकांना त्याचा कापलेला पाय दिसावा, एवढाच तिचा हेतू होता. कप्तान चालत आला. त्याच्यामागे एक काळासावळा तरुण शिपाई होता. गोळी झाडणारा तोच. त्याचं नाव हारून. तो कप्तानाच्या देशाचाही नव्हता. तांबड्या समुद्रापलीकडून पगारावर आणलेला होता. दोघांनी आपापल्या बंदुका मुझनापुढच्या घोंगडीवर ठेवल्या.

"चूक आमची," कप्तान म्हणाला. "निवाडा तुमचा."

लोकांत कुजबुज झाली. मुसईदचं तोंड आंबट झालं. मुझनाने मान ताठ केली. काय बोलायचं ते तिने चार दिवस मनात घोकून ठेवलं होतं. तिने तोंड उघडलं.

"आई," मागून सालिम म्हणाला, "पाय माझा होता."

मुझना वळली. तिला ते लागलं, आणि चांगलंच लागलं. पाणी देऊ का, दुखतंय का, उशी सारखी करू का, हे सगळं तिने त्याला विचारलं होतं. तुला काय हवंय, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. कुबड्यांवर झुलत सालिम घोंगडीपर्यंत आला, तेव्हा ती बाजूला सरकली.

सालिमने हारूनकडे पाहिलं. "भरलेली गाडी उतारावर झटकन थांबते का रे?"

"मला गाडी चालवता येत नाही," हारून म्हणाला. "घरी आमचे उंट आहेत."

"मग गोळी का घातलीस?"

"घाबरलो." त्याने मान वर केली नाही. "तिकडे भरती करताना म्हणाले होते, फक्त पहारा द्यायचाय, लढाई नाही."

"मीही घाबरलो होतो," सालिम म्हणाला. मग त्याने आवाज चढवला. "ऐका. माझ्या एका पायाचे मी चार पाय मागतो."

वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. सुरुवात रीतीला धरून झाली होती.

"एक अल्लासाठी माफ. एक या घोंगडीवर बसलेल्यांसाठी माफ. एक कप्तानाच्या आजोबांसाठी माफ." खिंडीत हशा पिकला. तो विरेपर्यंत सालिम थांबला. "चौथा माफ नाही. ज्या बंदुकीने मला गोळी लागली ती इथेच राहील. खोऱ्यातला लोहार तिचे खिळे करेल. हारूनच्या हातात पुन्हा बंदूक द्यायची नाही. त्याला त्याच्या उंटांकडे पाठवायचं. आणि ती चौकी उतारावरून हलवायची."

कप्तानाने ओठ चावला. वर काय सांगायचं याची जुळवाजुळव त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. शेवटी त्याने उजवा हात छातीवर ठेवला. "मान्य."

मुझनाचा ऊर भरून आला. जिंकलो, असं तिला वाटलं. पेट्या हलवा म्हणून ती दिरांना हाक मारणार, एवढ्यात सालिम म्हणाला, "थांब आई. निवाडा दोन्हीकडच्यांना लागतो. येस्लम, तुझीही आण."

"त्याच्याकडे कुठली बंदूक?" मुझना फटकन म्हणाली. "मी घराचा कोपरान्‌कोपरा झाडते."

"माझ्या खाटेखालचं झाडत नाहीस," सालिम म्हणाला. "मला त्रास नको म्हणून."

तिने येस्लमकडे पाहिलं. तो नाही म्हणेल म्हणून तिने वाट पाहिली. भावाकडे एकदा बघून तो खाली मान घालून घराकडे चालू लागला. तो परत येईपर्यंत मुझनाला बसवेना आणि उभंही राहवेना. इतके दिवस जी गोष्ट होऊ नये म्हणून ती एवढा पसारा मांडून बसली होती, ती केव्हाच होऊन गेली होती, आणि तीही तिच्याच छपराखाली, तिच्या जायबंदी मुलाच्या अंथरुणाखाली.

येस्लम गोधडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन आला. त्याने ती उलगडली आणि हारूनच्या बंदुकीशेजारी ठेवली. कोरी करकरीत होती. वाळूच्या रंगाची. दोन्ही बंदुका शेजारी शेजारी ठेवल्यावर कुठली कुणाची हे सांगता आलं नसतं. दस्त्यावरचा शिक्कासुद्धा एकच.

कप्तान वाकला. त्याने शिक्का पाहिला, अंगठ्याने पुसून पुन्हा पाहिला. "ही आमच्याच कोठारातली आहे," तो हळूच म्हणाला. "आमच्या दोस्तांना दिली होती."

"कुठल्या दोस्तांना?" मुझनाने विचारलं.

कप्तान नुसताच सरळ झाला. पण येस्लमची नजर एकदा झेंडेवाल्यांच्या गाडीकडे गेली, आणि तेवढं तिला पुरलं. मुसईद तिथे नेमका दार उघडून आत शिरत होता. त्याच्या पुढे पेट्या होत्या आणि मागेही पेट्या.

मुझना उठली. इतका संताप तिला सालिमला गोळी लागली त्या दिवशीही आला नव्हता. त्या दिवशी निदान गोळी मारणारा घाबरलेला होता. हा तिच्या अंगणात बसून तिचा कहवा प्यायला होता. एका मुलाचा पाय नेणारी बंदूक आणि दुसऱ्याचा जीव नेणारी बंदूक एकाच खोक्यातून आली होती, आणि ती घराच्या आत आणणारा तिच्यासमोर गळा काढून गेला होता. ती तरातरा चालत गाडीपाशी गेली. माश्या तिच्या टोपीभोवती घोंगावत होत्या. तिला त्याचं काहीच नव्हतं.

"उतर," ती म्हणाली.

"अहो सालिमच्या आई," मुसईद काचेआडून हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "निवाडा तर झाला. आता रस्ता मोकळा करा ना."

"सालिमच्या पायाचा झाला. येस्लमचा राहिलाय. बंदूक घेऊन उतर आणि घोंगडीवर ठेव. आणि या खेपेला निवाडा मी करणार आहे. मी माफी देण्यात सालिमइतकी सढळ नाही."

घोंगडीवर बसलेल्या सरकारवाल्यांपैकी दोघांनी, आता आपली पाळी की काय म्हणून, आपली हत्यारं मागे ओढली. मुसईदने चहूकडे पाहिलं. कप्तानाने मान फिरवली. वडीलधारे दाढ्या कुरवाळत वाट बघत होते. शेवटी मुसईदने बाईला नाही तर पोराला हाक मारली. "येस्लम, अरे सांग ना तुझ्या आईला! आपलं काय ठरलं होतं?"

येस्लम सालिमला खाटेकडे नेत होता. भावाचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि तो त्याने सोडला नाही. तो नुसता वळला.

"आई म्हणते तसं कर," तो म्हणाला. "आणि जपून उतर. माश्या चिडल्यात."