तक्त्यातली खोडलेली ओळ

मी एक जुनी सीट आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे गोड गोष्टीची वाट बघत बसू नका.

सात माणसांच्या मोठ्या गाडीत तीन रांगा असतात. पुढची चालवणाऱ्याची, मधली मानाची आणि तिसरी डिकीला चिकटलेली. ती मी. माझी गाडी विकायची नाही. गिऱ्हाइकांना एक चक्कर मारून आणायला ती शोरूमच्या दारात उभी असते. तीन वर्षं झाली. पुढच्या सीटचं कापड घासून गुळगुळीत झालं, माझ्यावरचं कारखान्यातलं प्लास्टिक मात्र निघालंच नव्हतं. जुनी झाले, पण वापरली गेले नाही. सीटचा याहून मोठा अपमान असेल तर मला सांगा.

जन्मापासून हेच चाललंय. कारखान्यात आम्हा तिघींचा फोम एकाच दिवशी ओतला. मधलीला चार बोटं जाडी, मला अडीच. "मागचीला एवढा कशाला? मागे बसतंय कोण?" असं मुकादम म्हणाला आणि माझं नशीब तिथंच ठरलं. खोळ शिवणाऱ्या बाईने तेवढा भेदभाव केला नाही. तिने माझीही शिवण दुहेरी घातली. तिची आठवण आली की तेवढ्यापुरता माझा राग उतरतो.

शोरूममध्ये माझं काम एकच, खोट्याला हातभार लावायचा. तिथला टायवाला विक्रेता मला उभी करायचा आणि म्हणायचा, "बघा, सात जण आरामात!" मग दोरी ओढून मला आडवी पाडायचा. "आता डिकी बघा केवढी! फ्रीज मावेल, सर!" गिऱ्हाईक दोन्ही वेळा मान डोलवायचं. सात माणसं आणि बॅगा एकाच वेळी कुठे मावणार, हे तीन वर्षांत एकाही शहाण्याने विचारलं नाही. आरशात कॅमेरा आहे का, छत उघडतं का, पडदा किती इंचांचा, हे सगळ्यांनी विचारलं.

मग एका सकाळी मास्तर आले. शाळेचं वेळापत्रक लावणारे मास्तर. सोबत त्यांची नर्स असलेली बायको, आठ वर्षांची मुलगी आणि मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या. आत्या शिवणकाम करायची. घरातून निघताना गळ्यातली इंच-टेप काढायचीच विसरली होती.

मास्तरांच्या हातात तक्ता होता. तीन गाड्या, तीन रकाने. मायलेज, उंची, डिकी, एअरबॅग, सगळं पट्टीने आखलेलं. त्यात एक ओळ मात्र आडवी रेघ मारून खोडलेली. मी वाकून वाचली. 'सीटा : ७, ७, ७.'

"तिन्हींत सातच," मास्तर टायवाल्याला समजावत होते. "तुलना करण्यासारखं काही नाही. ओळच काढून टाकली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यासकट तिघी तिसऱ्या रांगा त्या एका रेघेखाली चिरडल्या होत्या.

ही गाडी कशासाठी घ्यायची होती, तेही मला बोलण्यातून कळलं. घरात माणसं सात, मास्तरांचे आईवडील धरून, आणि जुनी गाडी लहान. कुठे जायचं झालं की मांडीवर लेकरं घेऊन सगळे कोंबून बसत आणि आत्या मागे राहत असे. "घराची किल्ली कुणाकडे तरी हवी ना," असं दरवेळी ती स्वतःच म्हणे. अकरा वर्षं किल्ली तिच्याकडे. "यंदा मात्र ताई पण येणार!" मास्तर मोठ्या उत्साहाने म्हणाले. "बस ताई, तुझी जागा बघून घे."

तुझी जागा! मधली रांग आईवडिलांना आणि मास्तरांच्या धाकट्या मुलाला आधीच वाटून झाली होती.

आत्या चढली. मधली सीट पुढे ढकलली तरी वाट वीतभर. शिवणयंत्राचं पायडल मारून मारून तिचा उजवा गुडघा धड वाकत नव्हता. तिने तो दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि धपकन माझ्यावर बसली. मागोमाग पोरगी शेजारी येऊन बसली.

"हे काय, दुकानातल्या बाहुलीसारखं गुंडाळून ठेवलंय!" असं म्हणत आत्याने माझं प्लास्टिक टरकन ओढलं.

"अहो काकू, अहो!" टायवाला ओरडला.

"अहो काय? मी बसू की प्लास्टिक बसवताय?" आत्याने माझ्या काठावर अंगठा फिरवला. "शिवण दुहेरी आहे गं. शिवणारीने काम चोख केलंय."

तीन वर्षांत माझं झालेलं हे पहिलं कौतुक. मला रडूच आलं असतं, पण तेवढ्यात मास्तरांनी बाहेरून विचारलं, "कसं वाटतंय ताई?"

"बरं आहे."

खोटं! शंभर टक्के खोटं! तिची मांडी माझ्यावर थरथरत होती. गुडघा समोरच्या सीटमध्ये रुतला होता, डोकं छताला लागत होतं, सगळा भार एका कुशीवर होता. मला तोंड असतं तर मी त्या तक्त्यासकट मास्तरांना फैलावर घेतलं असतं.

पोरीने आत्याच्या गळ्यातली टेप काढली. तिला तो खेळ होता. "पाय ठेवतो तिथून सीट नऊ इंच. माझ्या फूटपट्टीपेक्षा कमी! आणि आत्याचा गुडघा ते पुढची सीट..." ती जरा थांबली. "बाबा, शून्य येतंय."

"लांबचा प्रवास थोडाच रोज असतो?" मास्तर म्हणाले. "होईल ॲडजस्ट."

ॲडजस्ट! या शब्दाची मला शिसारी येते. तो म्हणणारा नेहमी पुढच्या सीटवर बसलेला असतो.

"आणि बॅगा कुठे ठेवायच्या?" पोरीने विचारलं.

"सोपं आहे, बेटा," टायवाला हसला. "ही मागची सीट पाडली की डिकीच डिकी!"

"मग आत्या कुठे बसणार?"

टायवाल्याने उगाच टाय सारखा केला. मास्तर तक्त्यात बघत राहिले, पण तिथे उत्तर नव्हतं. ती ओळ त्यांनी घरीच खोडली होती.

नर्सबाईंनी हात पुढे केला. "किल्ली द्या. चक्कर मी मारते. ताई, तुम्ही पोरीला घेऊन मधे या. आणि अहो, तुम्ही मागे."

"मी? अगं, मला चालवून बघायचीय!"

"ती मी बघते. तुम्ही ॲडजस्ट करा."

मास्तर माझ्यावर बसले. खरं सांगते, मी तसूभरही मऊ झाले नाही. पहिल्या गतिरोधकाला त्यांचं डोकं छतावर आपटलं. दुसऱ्याला तक्ता हातातून सुटला. वळणावर पोरगी मागे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही घडी घातल्यासारखे दिसताय." चौथ्या गतिरोधकाला मास्तरांनी दोन्ही हातांनी छत धरलं.

शोरूमपाशी सगळे उतरले. मास्तर आतच. मधली सीट पुढे ढकलायचा खटका बाहेरच्या बाजूला होता, आतून हात पोचेना. "अरे, उघडा कुणीतरी!"

आत्याने खटका ओढला, वाकून आत बघितलं. "काय रे, बरं आहे ना?"

मास्तर बाहेर आले, कंबर धरून उभे राहिले. आवाज पार उतरला होता. "ताई, मघाशी खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घराची किल्ली परत माझ्याकडेच आली असती."

ती हे रडून बोलली नाही. कापड कमी पडतंय, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं सरळ बोलली. मास्तरांनी तक्ता गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि खोडलेल्या ओळीच्या वर, सगळ्यांत आधी, नवी ओळ लिहिली. 'मागे ताई बसेल का?' माझ्या गाडीच्या रकान्यात फुली मारली. बाकीचे दोन रकाने कोरे ठेवले. "टेप घे ताई," ते म्हणाले. "उरलेल्या दोन्हींत आधी तू मधे बसायचं, मागे बसून मी बघतो."

माझी गाडी नापास झाली आणि मला आनंद झाला. टायवाल्याला नाही झाला. तो अजूनही मला उठवतो, पाडतो, उठवतो, पाडतो.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला पुसू नका, धुऊ नका. माझ्यावर आता प्लास्टिक नाही, एवढं मला पुरे आहे. पण तुमच्या घरी मोठी गाडी घ्यायची ठरली, तर घरातल्या सगळ्यांत उंच, सगळ्यांत हट्टी माणसाला हाताला धरून आणा आणि आधी माझ्यावर बसवा. चार गतिरोधकांवरून न्या. आणि तुम्हाला मागे बसवून कुणी "कसं वाटतंय?" असं विचारलं, तर काहीही म्हणा, ओरडा, भांडा. फक्त "बरं आहे" म्हणू नका.