बिनचौकटीचा इशारा

अक्षया रत्नागिरीच्या क्लासमधले कॉम्प्युटर एकेक करून चालू करत होती, तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. दाभोळच्या जेटीवरून तिचा भाऊ दर्शन बोलत होता. मागे बोटींच्या इंजिनांचा आवाज होता.

"निघतोय गो. उद्या तू घरी येशील तेव्हा मी नसेन. परवा भेटू."

"निघतोस कुठे? आज लाल चौकट आहे!"

"कसली लाल? मथुराकाकीनं आत्ताच बघितलान. आज चौकटच नाय म्हणाली, म्हणजे धोका नाय."

"दर्शन, थांब. मी स्वतः…"

खरखर झाली आणि फोन तुटला. तिनं परत लावला. तो कव्हरेजच्या बाहेर गेला होता. दाभोळात रेंज जेटीच्या टोकाला तेवढी मिळायची, आणि बोट सुटली की तीही जायची.

दाभोळच्या मच्छीमार सोसायटीची वेबसाइट अक्षयानंच केली होती, वर्षभरापूर्वी, दोन हजार पाच साली. हवामानाचा निरोप रत्नागिरीत फॅक्सनं यायचा आणि ती तो साइटवर टाकायची. पण सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटत नसत. अक्षरांच्या जागी नुसते रिकामे ठोकळे दिसायचे. मग तिनं निरोपाभोवती चौकट आखायला सुरुवात केली. हिरवी बारीक असेल तर खुशाल जा. पिवळी तुटक असेल तर किनाऱ्यापासून लांब जाऊ नका. लाल जाड असेल तर बोट काढू नका. सोसायटीचं काम बघणारी मथुराकाकी सकाळी साइट उघडायची आणि चौकट बघून फळ्यावर खडूनं लिहायची. बोटी हाकणारे तांडेल फळा वाचून निघायचे किंवा थांबायचे.

आजचा फॅक्स सरळ होता. दुपारनंतर वारा उठणार, समुद्र खवळणार. अक्षयानं सकाळी येऊन पहिलं काम तेच केलं होतं.

ती धावत आपल्या कॉम्प्युटरपाशी गेली. पान उघडंच होतं आणि निरोपाभोवती लाल चौकट होती, ठळक. मग काकीला कशी दिसली नाही? तिनं शेजारचा, नुकताच चालू केलेला कॉम्प्युटर नेटला जोडला आणि त्यावर तेच पान उघडलं.

निरोप होता, पण त्याच्याभोवती काहीच नव्हतं. नुसतं पांढरं.

तिनं आतल्या खोलीकडे हाक मारली.

"ऋजुताताई!"

क्लास चालवणाऱ्या ऋजुताताई आतून आल्या. त्यांनी दोन्ही स्क्रीन पाहिल्या. "तुझ्या कॉम्प्युटरवर जुनं पान साठवलेलं दिसतंय. सकाळी काही बदललंस का?"

बदललं होतं. काकीच्या धुरकट मॉनिटरवर लाल रेघ बारीक वाटते, असं ती परवाच म्हणाली होती. म्हणून अक्षयानं सकाळी पानाचं रूप ठरवणाऱ्या स्टाइलच्या फाइलमध्ये शेवटी एक आखूड ओळ घातली होती. बॉर्डर, जाडी, लाल रंग, एवढंच. मग आपल्या स्क्रीनवर बघून तिला रेघ जाड झाल्यासारखी वाटलीही होती.

"प्रकार," ती पुटपुटली. "प्रकार लिहिलाच नाही मी."

चौकटीला जाडी आणि रंग पुरत नाहीत. रेघ सलग, तुटक की दुहेरी, तेही सांगावं लागतं. तिनं ते वरच्या ओळीत सांगितलं होतं. पण खालची आखूड ओळ आली की वरचं सगळं पुसलं जातं, आणि जे नव्यानं सांगितलं नाही ते ब्राउझर 'काही नाही' असं धरतो. हे ती पोरांना फळ्यावर शिकवत असे.

"फोन लाव सोसायटीला," ऋजुताताई म्हणाल्या.

तिनं लावला. एंगेज. परत लावला. एंगेज.

"काकी नेटवर आहे. सोसायटीत नेटला आणि फोनला लाइन एकच."

"जेटीवर दुसरं कुणी?"

"चहाच्या टपरीवर नाण्याचा डबा फोन आहे." तिनं तो लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. सगळे धक्क्यावर गेले असणार.

ऋजुताताईंनी क्लासच्या दुसऱ्या लाइनचा रिसीव्हर हातात घेतला. "मी टपरीला लावत राहते. तू चौकट दुरुस्त कर. फोन लागत नाही म्हणजे ती स्क्रीनसमोर आहे. तुझं पान तरी तिच्यापर्यंत जातंय."

अक्षयानं फाइल उघडली, शेवटच्या ओळीत 'सलग' हा शब्द घातला आणि माउसवर हात ठेवला. तो तिथेच थांबला. तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरनं सकाळपासून जुनी स्टाइल धरून ठेवली होती. काकीचा तसंच करणार. ती चुकीची फाइल उराशी धरून बसणार. पान दर थोड्या वेळानं आपोआप ताजं व्हायचं, पण त्यात फक्त मजकूर नवा यायचा.

मग तिनं स्टाइलची फाइल बाजूला ठेवली आणि चौकट थेट मजकुरातच, निरोपाच्या माथ्यावर लिहिली. जाडी, सलग, लाल. या वेळी प्रत्येक शब्द तिनं बोट ठेवून वाचला.

पान चढायला लागलं. निळी पट्टी अर्ध्यावर आली आणि मॉडेम तुटला.

"नको रे," ती म्हणाली. परत जोडलं. मॉडेमची ती किंचाळी, मग घरघर. बॅचची पोरं दारात येऊन उभी राहिली होती, ऋजुताताईंनी त्यांना हातानंच थोपवलं. पट्टी पुन्हा पहिल्यापासून सरकू लागली. अर्धी झाली. अर्ध्याच्या पुढे गेली. पोहोचली.

शेजारच्या स्क्रीनवर पान ताजं केलं. लाल चौकट उभी राहिली.

आता काकीनं फक्त बघायला हवं होतं. पण फळा लिहून झाल्यावर ती स्क्रीनकडे कशाला बघेल? पान उघडं ठेवून बाहेर गेली असेल तर? अक्षया मोबाइलवरून सोसायटीचा नंबर फिरवत राहिली. एंगेज. एंगेज. एंगेज.

आणि मग रिंग गेली.

"अगो अक्षया!" मथुराकाकी ओरडतच होती. "मी तुलाच लावणार होते. पान आपोआप लाल झालं! मघाशी काय नव्हतं, आता लाल, हे काय चाललंय?"

"काकी, लालच आहे. सकाळपासून लालच होतं. दुपारी वारा सुटणार. बोटी परत बोलव!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग काकीच्या धावत्या चपला. अक्षयानं फोन कानाला धरून ठेवला. दूरवर काकीची हाक ऐकू आली. "गंगाराम! अरे गंगाराम, तुझी बोट काढ, पोरांना मागे फिरव!"

गंगाराम हा तिथला म्हातारा तांडेल. खाडीच्या मुखावरची वाळू ओलांडण्याइतकी भरती अजून चढली नव्हती, म्हणून बहुतेक बोटी तिथेच थांबल्या होत्या. त्या त्यानं वळवल्या. दर्शनची बोट हलकी होती, ती आधीच पुढे निघून गेली होती. गंगाराम तिच्या मागे गेला.

अक्षया एसटीनं निघाली. चिपळूणला गाडी बदलताना झाडं वाकायला लागली होती. दाभोळला पोहोचली तेव्हा सोसायटीबाहेर गर्दी होती आणि सगळे मथुराकाकीभोवती होते. एक जण हात नाचवत म्हणत होता, "नीट बघायचं नाय, आणि फळ्यावर लिहायचं! या बयेच्या हातात मशीन दिलंच कुणी?"

काकी फळ्याला टेकून उभी होती. 

अक्षया गर्दीतून पुढे गेली. "काकीनं बरोबर बघितलं. चौकट नव्हतीच. मी सकाळी फाइल बिघडवली. चूक माझी आहे."

 गर्दीच्या कडेला तिची आई उभी होती. ती पुढे आली नाही, फक्त बघत राहिली. ते बघणं अक्षयाला शिव्यांपेक्षा जड गेलं.

अंधार पडायच्या आत गंगारामनं दर्शनची बोट दोरानं ओढत आणली. इंजिनात पाणी शिरलं होतं, जाळी समुद्रात सोडून द्यावी लागली होती, आणि विठू खलाशाचा हात खांद्यातून निखळला होता. दर्शननं आधी विठूला आधार देऊन खाली उतरवलं. अक्षयानं त्याला सगळं सांगितलं.

 तो म्हणाला, "विठूला पहिलं सांगायला जा. मला नंतर."

ती विठूकडे गेली. तो दवाखान्याच्या बाकावर हात गळ्यात अडकवून बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चौकट गेली तर आम्हाला कळणार कसं?"

 दुसऱ्या दिवशी ती आणि मथुराकाकी फळ्यासमोर बसल्या आणि नवा नियम ठरवला. हिरवी किंवा पिवळी चौकट डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही बोट सुटायची नाही. चौकट नसेल तर ते लालच समजायचं, नेट तोडायचं आणि रत्नागिरीला फोन करायचा. नियम काकीनं स्वतःच्या अक्षरात फळ्याच्या माथ्यावर लिहिला, आणि खडू खाली ठेवायच्या आधी सगळ्या तांडेलांना तो मोठ्यानं म्हणायला लावला.