कौतुक मात्र दुर्बिणीचं

मी एक जुना ट्रायपॉड आहे, म्हणजे दुर्बीण ठेवायचा तीन पायांचा लाकडी स्टँड. मित्रांनो, माझ्यावर एक मोठी दुर्बीण बसायची. तिचं नाव काढलं तरी आजही माझ्या पोटात दुखतं. लपवायचं कशाला?

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना एकाच दुकानातून आणलं. दर रविवारी सकाळी वस्तीतली मंडळी ओढ्याकाठच्या पायवाटेनं पक्षी बघायला निघायची. दुर्बीण मखमली पिशवीत, बाईंच्या कुशीत. मी कुणाच्या तरी खांद्यावर, पाय वर करून! चिखलात पाय रोवायचे मी, वाऱ्यात घट्ट उभं राहायचं मी, आणि डोळा लावला की सगळे म्हणणार, "अहाहा, काय दुर्बीण आहे!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिच्या काचेवर दवाचा थेंब पडला तरी चार रुमाल पुढे यायचे. माझा स्क्रू गंजला, तो गंजलाच.

घड्याळवाले काका तेवढे मला जपून उघडायचे. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता हात थरथरायला लागले, म्हणून दुकान लेकीकडे सोपवलं होतं. पण मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला की स्वारी खूश! "पीस न् पीस दिसतंय!" म्हणायचे. श्रेय कुणाला? अर्थात तिलाच.

पुढे डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी राहायला गेल्या. दुर्बीण घेऊन गेल्या, मला मात्र जड म्हणून काकांच्या घरी ठेवलं. गेली एकदाची महामाया, म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण कसलं काय! मला दाराजवळच्या कोपऱ्यात उभं केलं आणि माझ्यावर ओल्या छत्र्या वाळू लागल्या.

एका रविवारी काका फेरीहून आले आणि बूट न काढताच माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. गळ्यातली छोटी दुर्बीण काढून त्यांनी काकूंच्या हातात दिली.

"ठेव ही कपाटात. पुढच्या रविवारपासून मी जाणार नाही."

"अहो, झालं काय?"

"हात थरथरतात, त्याच्याबरोबर सगळं झाडच थरथरतं. पक्षी कुठला दिसतोय! सगळे 'दिसला' म्हणाले की मीही म्हणतो. आज एकीनं विचारलं, काका, चोच कशी होती? काय सांगणार? लाज वाटली गं."

"मोठ्या दुर्बिणीतून तर छान दिसायचं तुम्हाला."

"ती दुर्बीणच तशी होती."

ऐकलंत, मित्रांनो? नसतानाही तिचंच कौतुक! मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

काकू छत्री उचलायला माझ्याकडे वळल्या आणि तिथेच थबकल्या.

"मला सांगा, ती दुर्बीण तुम्ही हातात धरायचात का?"

"छे, ती तर ह्याच्यावर..." काका बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

पुढच्या रविवारी ओढ्याकाठी काकूंनी काकांच्या मफलरनं छोटी दुर्बीण माझ्या डोक्यावर घट्ट बांधली. काकांनी थरथरते हात पाठीमागे घेतले आणि डोळे लावले. समोर फांदीवर खंड्या बसला होता. या वेळी काका "दिसला" म्हणालेच नाहीत.

"मासा आहे गं त्याच्या चोचीत," ते हळूच म्हणाले. "अजून वळवळतोय."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मंडळी धावत आली, एकेकानं डोळे लावले आणि सगळे काय म्हणाले असतील? "एवढीशी आहे, पण काय दुर्बीण आहे हो!"

झालं! आता या चिमुरडीशीही माझं वाकडं.

मित्रांनो, एवढंच मागतो. दुर्बिणीच्या काचा पुसाल, तेव्हा तिला धरणाऱ्याच्या सांध्यांनाही तेल घाला. आणि कुणाचे हात थरथरताना दिसले, तर त्यांना घरी बसवू नका. त्यांच्यासाठी काहीतरी घट्ट उभं करा, त्यांनाही दिसेल. मग कौतुक दुर्बिणीचं झालं तरी चालेल.

नाही, नाही, अजिबात चालणार नाही. माझंही नाव घ्या!